मयताचं लाकूड

बदलापूर,
बुधवार, ता. ९ फेब्रुवारी १९५५

ती. स्व. दादास,

काशीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते; अकुशल काय आहे ते पुढे येईलच. सौ. वहिनींना नमस्कार, चि. बाळास आशीर्वाद. बाळ पाटीवर रेघोट्या ओढायला लागला का?

ह्यांना अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात रसायनाच्या खोलीतून काढून पेट्या भरायच्या खात्यात घातलंय, तेव्हापासून खोकला उतरला आहे. वालाच्या शेंगा यंदा चांगल्या भरल्यात. नाशिककडे येणारं कोणी भेटलं तर पिशवीभर पाठवीन. तिकडची द्राक्षं खाऊन तुला आता आमच्या वालाची चव लागते की नाही, कोण जाणे.

झाली खुशाली. आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. रागात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

काल सकाळी नवसू दारात आला. तुझ्या डेपोचा रखवालदार नवसू. तू जंगलखात्याच्या त्या डेपोत कारकून होतास तेवढी सगळी वर्षं तुझ्या कचेरीचं दार त्यानं राखलं, तेव्हा हा कोण असं विचारणार नाहीस अशी आशा आहे. अंगणात उभा राहिला. ओट्यावर ये म्हटलं तर येईना. म्हणाला, "ताई, मी आता चोर हाय. चोराला वट्यावर नको घेऊस."

मला वाटलं ताडी प्यायला असेल. नव्हता प्यायला.

तर प्रकार असा. डेपोच्या मोठ्या शेडचे पत्रे गंजून गळायला लागले म्हणून खात्यानं नवे घालायचं ठरवलं. त्यासाठी आतली सगळी लाकडं बाहेर काढावी लागली. बाहेर काढली म्हणून मोजली, आणि मोजली तर वहीतल्या शिलकेपेक्षा बरीच कमी भरली. मग जुन्या वह्या खाली उतरवल्या. अलीकडच्या सालांची आवक-जावक पावत्यांशी तंतोतंत जुळते. खोट आहे ती एकोणपन्नास सालच्या मार्चअखेरच्या शिलकेत. ती शिल्लक मुळात चुकीची लिहिली गेली, आणि तीच आजवर या वहीतून त्या वहीत उतरत आली. लहानपणी तू मला बेरीज शिकवताना म्हणायचास, हातचा चुकला की पुढचं सगळं चुकत जातं. तसंच झालंय.

दरसाल तपासणीला कोणीतरी साहेब येत होते की नाही? येत होते. कचेरीत बसले, चहा प्यायले, "शिल्लक बरोबर" म्हणून सही ठोकली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. एकानंही खुर्चीवरून उठून शेडमध्ये डोकावलं नाही. इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि आता शेळ्या कमी भरल्या तर धरलं कोणाला? ज्याला अक्षर ओळखीचं नाही त्याला! ज्यांनी सह्या केल्या ते सगळे वर चढले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

नवसूला हुकूम आलाय. लाकडाची किंमत त्याच्याकडून वसूल करायची, मार्चअखेर त्याला कामावरून काढायचं आणि डेपोच्या आवारातली झोपडी रिकामी करून घ्यायची. त्याची बायको राही लग्न होऊन त्या झोपडीत आली, तिची मुलं तिथंच झाली. मुंबईहून आलेल्या तपासनिसानं नवसूपुढे कागद धरला आणि अंगठा दे म्हणाला. नवसूनं दिला नाही. मला सांगत होता, "मी बोललो, आधी वाचून दावा. वाचला. त्यात लिवलं व्हतं, लाकूड चोरीला गेलं. मी बोललो, चोरीला नाय गेलं, दिलं. तर बोलतो किती दिलं. आता ताई, मयताचं लाकूड कोन मोजतं?"

त्या मुंबईच्या माणसाला काय ठाऊक असणार! आपल्या गावाकडे कोणी गेलं की घराघरातून एकेक लाकूड दारात काढून ठेवतात. कोणी ते मोजत नाही, तोलत नाही, माझं म्हणून सांगत नाही. मोजलं तर पुन्हा लागतं, असं आई म्हणायची. नवसू तर ठाकूरवाडीतला, त्याच्याकडे ही रीत आपल्याहून कडक. तपासनिसानं कागदावर लिहून टाकलं, "रखवालदार हिशेब देण्यास नकार देतो." माझ्या अंगाची नुसती आग झाली, दादा.

कोणाला दिलं ते तुला नव्यानं सांगायला नको, पण राग आला की माणूस माहीत असलेलंही पुन्हा सांगतं. अठ्ठेचाळीसचा श्रावण होता. ज्याला आता उल्हासनगर म्हणतात तिथं तेव्हा लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी माणसं येऊन पडली होती. ओकाऱ्या-जुलाबांची साथ आली. पाऊस असा की वखारींतलं सरपणसुद्धा ओलं. त्या लोकांना ना गाव, ना जंगल, ना दारात लाकूड काढून ठेवणारे शेजारी. एक होतचंद म्हणून तरणा माणूस हातगाडी ढकलत डेपोच्या फाटकाशी आला. आई गेली होती त्याची. रडतही नव्हता, नुसता लाकडांकडे बघत होता. मी तेव्हा तुझ्याकडेच राहायला आले होते, कचेरीच्या पायरीवर उभी होते. नवसूनं तुझ्याकडे बघितलं, आणि तू म्हणालास, "तू दे नवसू, मी लिहितो."

पुढचे आठ-दहा दिवस, बराकींतल्या दुसऱ्या मयतांसाठी, ती हातगाडी येत राहिली. दरवेळी तू हेच म्हणालास. तेव्हा मला तुझा किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू! आणि तू लिहिलं नाहीस.

डेपोत आता हेमचंद्र म्हणून नवे कारकून आहेत. तरणेच आहेत, पण सरळ. त्यांनी मला समजावलं, "काकू, बंद झालेलं वर्ष उघडता येत नाही. जुन्या वहीत खाडाखोड केली तर तो गुन्हा. पण मागच्या सालच्या शिलकेतली चूक ज्या साली सापडते त्या सालच्या वहीत दुरुस्त करता येते. कारण लिहायचं आणि ज्यांनी ती शिल्लक लिहिली त्यांचा जबाब जोडायचा. जबाब नसेल तर मात्र ती चूक राहत नाही, ती तूट होते. आणि तूट कोणाच्या तरी डोक्यावर बसते." एकतीस मार्चला यंदाचं वर्ष बंद होईल. त्याच्या आत तुझा जबाब हवा.

दोन ओळी पुरेत. लाकूड साथीतल्या मयतांना माझ्या सांगण्यावरून दिलं आणि वहीत उतरवायचं राहिलं, एवढंच लिही. तुझी नोकरी त्यानं जात नाही, मी विचारून घेतलंय. फार तर ठपका येईल.

त्या आठवड्यातलं बाकीचं मी लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे.

तुझी बहीण,
काशी


बदलापूर,
रविवार, ता. २७ फेब्रुवारी १९५५

दादास,

नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळेला वाटलं की हे दुसऱ्या कोणाचं कार्ड चुकून आमच्याकडे आलंय.

"इतक्या वर्षांपूर्वीचे स्मरणात नाही." बरं. "नवसूस अडचण असल्यास मनिऑर्डर करीत आहे, तीतून वसुली भागवावी." बरं. "कचेरीच्या कामात बायकांनी पडू नये." हे मात्र बरं नाही. साथीच्या दिवसांत पेजेचा हंडा डोक्यावर घेऊन बराकींत जायला बायका चालल्या, तेव्हा त्या कशात पडत होत्या?

कार्डामागोमाग मनिऑर्डर आलीच. सुंठीवाचून खोकला गेला, असं तुला वाटलं असणार. मी पोस्टमनला म्हटलं, उद्या या, आणि टाकोटाक डेपोवर गेले. मला काय वाटतं ते सोड, पैसे ज्याच्यासाठी आले त्यालाच विचारावं म्हटलं. राही भात सडत होती. तिनं मुसळ खाली ठेवलं नाही. कांडता कांडताच म्हणाली, "पैसं भरलं म्हंजी चोरी कबूल केली, ताई. मंग माज्या पोरांना वाडीत काय नावानं हाक मारतील?" नवसू म्हणाला, "व्हतचंद तवाच पैसं देत व्हता. मी घेतलं नाय. मयताच्या लाकडाचं पैसं आता दादाकडून घेऊ व्हय? ती माणसं जळली ती काय इकत जळली?"

मनिऑर्डर परत केली आहे. आल्या पावली तुला पोचेल.

तुला आठवत नाही म्हणतोस. बरं तर, मला आठवतं. मागच्या पत्रात मी हात आखडला होता. वाटलं होतं तू स्वतःहून लिहिशील, म्हणजे मला ते नाव तुझ्यापुढे काढावं लागणार नाही. नाशिकच्या तुझ्या घरात ते नाव कोणी काढत नाही, हे मी गेल्या दिवाळीला येऊन बघितलंय. सौ. वहिनींचा त्यात काही दोष नाही. त्या बिचाऱ्यांनी मला एकटीला गाठून विचारलं होतं, त्या कशा होत्या हो? तुझ्याकडून त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. एक फोटो नाही भिंतीवर.

अंजनीवहिनी कशा होत्या ते मी सांगते. तू अडवलंस तरी त्या गेल्या. सकाळी भाताची पेज करायची, चिमूटभर मीठ घालायचं आणि अंबरनाथच्या देवळावरून बराकींपर्यंत चालत जायचं. भाषा कळत नव्हती तर हातानं बोलायच्या. मला म्हणाल्या होत्या, "वन्सं, पेजेला भाषा लागत नाही." पाचव्या दिवशी दुपारी आल्या त्या भिंतीला धरून आल्या. दुसऱ्या दिवशी संपल्या.

उल्हास नदी मांजर्ली गावात शिरली होती. रस्ता पाण्याखाली. गावातून एकेक लाकूड घेऊन येणार कोण आणि कसं? तू वहिनींच्या उशाशी बसून होतास, तुला हाक मारली तरी ऐकू येत नव्हतं. नवसूनं कोणाला विचारलं नाही. शेडमध्ये शिरून तळाच्या थप्पीतली कोरडी लाकडं काढली. आपलं इरलं लाकडांवर टाकलं आणि स्वतः भिजत, गुडघाभर पाण्यातून, खांद्यावर एकेक करून पलीकडच्या उंचवट्यावर नेऊन रचली. किती खेपा केल्या ते मला ठाऊक नाही. मीही मोजल्या नाहीत. राहीनं वहिनींची ओटी भरली. अग्नी तू दिलास. नवसू तुझ्यामागे उभा होता, आणि परत येताना तुझा पाय घसरला तेव्हा तुला धरलं ते त्यानंच.

आता सांग, आठवत नाही?

तुला दुःख झालं नाही असं मी म्हणत नाही. तू महिनाभर वेड्यासारखा झाला होतास. मार्च आला, शिल्लक लिहायची वेळ आली, तेव्हा लेखणी उचलून "इतकं लाकूड मयतांसाठी" असं लिहिणं तुला जमलं नाही, कारण त्यातलं शेवटचं मयत तुझ्या घरातलं होतं. तू वहीत सगळी लाकडं आहेत तशीच मांडून ठेवलीस. जशी काही साथ आलीच नाही, कोणी गेलंच नाही, थप्पी हलली नाही. हे मी तेव्हाच ओळखलं होतं. एक महिना, एक वर्ष, मी म्हटलं असू दे, त्याचं मन आहे. तू बदली मागून घेतलीस, पुढे दुसरं लग्न केलंस. चांगलं केलंस. मी कधी तोंड उघडलं का?

पण तुझं मन जपायचं म्हणून नवसूनं चोर व्हायचं? हे मला मान्य नाही. तुझं दुःख कितीही मोठं असलं तरी ते दुसऱ्याच्या झोपडीवर ओझं म्हणून टाकायचा तुला अधिकार नाही. वर पैसे पाठवतोस! वहिनींच्या चितेची लाकडं मनिऑर्डरनं चुकती करतोस! पोस्टाचा तो कागद हातात धरून मला शरम वाटली.

जबाब पाठव. बाकी काही लिहू नकोस.

काशी


बदलापूर,
शुक्रवार, ता. २५ मार्च १९५५

दादा,

जबाब आला नाही. म्हणून मीच निघाले.

आधी होतचंदला शोधलं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये आता बाजार असा फुलला आहे की मला बराकी ओळखूच येईनात. जिथं माणसं गोणपाटावर पडलेली असायची तिथं आता कापडाची दुकानं. त्यातलं एक होतचंदचं. मी नवसूचं नाव घेतलं आणि त्याच्या हातातला गज तसाच हवेत राहिला. म्हणाला, "बाई, तो माणूस चोर? ज्यानं मला विचारलं पण नाही की तू कोण, कहां से आया?" दुकान बंद केलं त्यानं, भर दुपारी. तेव्हा लाकूड नेलेल्या बाकीच्यांची घरं तोच फिरला.

परवा, बुधवारी, डेपोत खात्याचे वरचे साहेब चौकशीला बसले. मी कचेरीत पाऊल टाकलं तर म्हणाले, बाई, तुमचं इथं काय काम? मी म्हटलं, ज्यांनी लाकूड द्यायला सांगितलं त्यांची मी बहीण, ते येत नाहीत म्हणून मी आले. तुझं नाव मी सांगितलंय, दादा. कागदोपत्री ते होतंच.

मग एकेक करून ती कॅम्पातली माणसं आत आली. होतचंद पुढे होता. "साहेब, उस वक्त हमारे पास क्या था? गाव मागे राहिला. मी पैसे देत होता, यानं हात मागे घेतला. बोला, आईचं लाकूड आहे, घेऊन जा. अब आप बोलते हो चोरी. चोरी असेल तर मी पण चोर, माझी मेलेली आई पण चोर, लिखो." साहेब म्हणाले, भावना मला कळतात, पण लाकूड किती होतं ते कोणी सांगेल का? कोणीच सांगेना. नवसूनं तेच सांगितलं, मयताचं लाकूड मोजत नाहीत.

साहेब चिडले. चष्मा काढून टेबलावर आपटला. आणि मग, चिडूनच, शहाण्यासारखं बोलले, "लाकडं मोजली नाहीत ना? मग माणसं तरी मोजा."

तसं झालं. होतचंदनं आईचं नाव सांगितलं. मग एका म्हाताऱ्यानं मुलाचं. एका बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायला पदर तोंडाशी धरला, तर शेजारणीनं सांगितलं. हेमचंद्र लिहीत होते. मध्ये थांबून त्यांनी डोळे पुसले आणि शाई सांडली म्हणून स्वतःवरच ओरडले. सतरा नावं झाली. चितेला साधारण किती लाकूड लागतं ते साहेबांनी धरलं, पावसाचं जास्तीचं धरलं, आकडेमोड केली आणि म्हणाले, जुन्या कारकुनाचा जबाब नसला तरी या घरच्यांचे जबाब जोडून, मागील सालच्या शिलकेतली चूक म्हणून हे यंदाच्या वहीत दुरुस्त होईल. मी जन्मात कधी इतक्या सुटकेनं बसले नव्हते.

पण त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. पुन्हा बेरीज केली. "थोडं इकडेतिकडे सोडून दिलं तरी एका चितेएवढं लाकूड उरतं," म्हणाले. "ही अठरावी कोणाची?"

कॅम्पातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्यातली नव्हतीच ती. त्यांना काय माहीत! नवसूनं खाली बघितलं.

"बोल ना. कोणाला दिलं?"

"म्हाईत नाय सायेब."

दादा, त्या माणसाला मी वीस वर्षं ओळखते. खोटं बोलताना मी त्याला पहिल्यांदा बघितलं. माझं तोंड उघडलं होतं, नाव जिभेवर आलं होतं. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून.

साहेब म्हणाले, "मग तेवढ्याचा हिशेब लागत नाही. तेवढी चोरी तुझ्या नावावर राहील. वसुली थोडी, पण हुकूम तोच. नोकरी जाईल, झोपडी जाईल. कबूल?"

नवसू म्हणाला, "व्हय. लिवा."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर इतकी ओरडले की फाटकावरचे मजूर थांबून बघायला लागले. मूर्खा, म्हटलं, एक नाव सांगितलं असतंस तर सुटला असतास! तो शांतपणे म्हणाला, "त्या सतरा जनांचं नाव त्यांच्या घरच्यांनी घेतलं ना ताई? मंग अंजनीबाईचं मी कसा घेऊ? ते दादानं घ्यावं. त्यानं नाय घेतलं तर मला चोर ऱ्हाऊ दे. बाईचं नाव सायबाच्या टेबलावर मी नाय टाकनार." राही त्याच्या शेजारी उभी होती. घरी जाऊन भांडी बांधायला लागली.

आता मला तुझ्याशी रागानंही बोलवत नाही, पण राग गेलेला नाही. साहेबांचा राग आला, सह्या करून गेलेल्यांचा आला, त्यांची मी काय लायकी काढली होती! शेवटी या साहेबांनी आमचं ऐकून तरी घेतलं. सगळा राग फिरून तुझ्यापाशी येतो. कारण आता काय झालंय ते नीट समजून घे. होतचंदच्या आईची लाकडं सरकारनं मान्य केली. त्या म्हाताऱ्याच्या मुलाची केली. अनोळखी सतरा माणसांची केली. फक्त एक चिता राहिली, आणि तिचं लाकूड कागदावर चोरीचं ठरलं. आपल्या अंजनीवहिनी चोरीच्या लाकडांवर गेल्या, असं ही वही म्हणते. त्या बराकींत पेज घेऊन गेल्या म्हणून गेल्या, आणि सरकारदरबारी त्यांचं नाव कुठंच नाही. तुझ्या भिंतीवर नाही, तसं तिथंही नाही.

हेमचंद्रांनी यादीत सतराव्या नावाखाली एक ओळ कोरी ठेवली आहे. ती भरायला कोणी आलं तर साहेब अजून ऐकतील, असं म्हणाले. गुरुवारी वर्ष बंद होतं.

बुधवारी सकाळच्या गाडीनं निघ, कल्याणला बदल, दुपारपर्यंत इथं पोचशील. बरोबर सौ. वहिनींना आणलंस तर फार बरं. त्यांना सगळं सांगून आण. तू आला नाहीस तर गुरुवारी कचेरी उघडायच्या आत मी फाटकाशी उभी असेन आणि ते नाव मी सांगेन. नवसूनं मान हलवली तरी सांगेन. त्याला चोर राहू देणार नाही, हे नक्की समज. फक्त त्या ओळीत नातं विचारतील तेव्हा मी काय सांगू? सतरा जणांपुढे मुलगा लागलाय, आई लागलीय, बायको लागलीय. वहिनींपुढे नवरा लागायला हवा होता.

वालाच्या शेंगा पाठवल्या नाहीत. शेवटचा तोडा ठेवला आहे. आलास तर इथंच शिजवीन, वहिनी करायच्या तशा, ओवा घालून.

वाट बघते.

अंजनीवहिनींची नणंद,
काशी